जोखमीची पैसेवारी

बायपास शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाच्या कागदांत एक आकडा असतो. कधी तो संमतीपत्रावर हाताने लिहिलेला असतो, कधी डॉक्टर तोंडी सांगतात, कधी तो फाइलमध्येच राहतो आणि घरच्यांपर्यंत पोचत नाही. ‘दोन टक्के रिस्क आहे’, ‘पाच टक्के धरून चाला’ अशी त्याची बोलीतली रूपे. या आकड्यावर घरात रात्रभर खल होतो. त्यावर रान गहाण पडते, सोने मोडले जाते, कधी शस्त्रक्रियाच टळते. पण हा आकडा कोणी, कोणत्या साली, कोणासाठी रचला, त्यात काय धरले आहे आणि काय वगळले आहे, याची चर्चा आपल्याकडे क्वचित होते. हृदयविकारावर मराठीत लेखन आहे, डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ अनेक घरांत पोचले आहे. आजार का झाला आणि जगणे कसे बदलावे, हा तशा लेखनाचा विषय. मला इथे त्या आकड्याचे वाचन करायचे आहे, एखाद्या ग्रंथाचे करावे तसे.

मी डॉक्टर नाही. लोणी भापकरला राहतो. मल्लिकार्जुन मंदिर, यज्ञवराह, आसपासचे वीरगळ आणि जुनी दप्तरे वाचण्यात आयुष्याची बरीच वर्षे गेली. हे वाचन कोणत्या विद्यापीठात शिकलो नाही. पण त्यातून एक शिस्त अंगी लागली. मजकूर काय सांगतो हे बघण्याआधी तो कोणी आणि कोणासाठी लिहिला हे विचारायचे. एकाच मजकुराच्या दोन प्रती मिळाल्या तर त्यांचे पाठभेद लावायचे. गेल्या काही वर्षांत गावातली, नात्यातली माणसे बायपाससाठी पुण्याला जाऊ लागली आणि ‘इंग्रजी कागद तेवढा वाचून सांगा’ म्हणून माझ्याकडे येऊ लागली. त्यातून या गुणांकांचे मूळ शोधनिबंध मिळवले आणि दप्तर वाचतो त्याच पद्धतीने वाचले. एक आधीच सांगतो. बायपास करावी की करू नये, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा या लेखाचा हेतूही नाही. टीका आहे ती मजकुरावर आणि त्याच्या वाचनावर.

मजकूर कोणासाठी लिहिला गेला

१९६७ मध्ये क्लीव्हलंडला रेने फाव्हालोरो यांनी पायातील शिरेचा तुकडा वापरून हृदयाच्या बंद धमनीला वळसा देण्याची पद्धत रूढ करायला सुरुवात केली. पुढच्या वीस वर्षांत ही शस्त्रक्रिया जगभर पसरली आणि तिच्या मागोमाग हिशेब आला. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९८६ मध्ये रुग्णालयनिहाय मृत्यूंचे आकडे प्रसिद्ध केले. त्यावर मोठी रुग्णालये नाराज झाली. त्यांचे म्हणणे असे की आमच्याकडे जास्त वाईट अवस्थेतले रुग्ण येतात, मग मृत्यूही जास्त होणार. आमची तुलना सोप्या रुग्णांवर काम करणाऱ्यांशी का? हे म्हणणे रास्त होते. रुग्ण किती अवघड होता हे मोजल्याखेरीज शल्यविशारद किती चांगला हे ठरवता येत नाही.

या गरजेतून १९८९ मध्ये न्यू जर्सीतील व्हिक्टर पार्सोनेट आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्याचे शीर्षकच सांगते की मोठ्या माणसांच्या हृदयशस्त्रक्रियांच्या निकालांचे मूल्यमापन करता यावे म्हणून जोखमीची एकसारखी वर्गवारी करण्याची ही पद्धत आहे. ‘निकालांचे मूल्यमापन’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हा मजकूर रुग्णाला उद्देशून लिहिलेला नव्हता. एका रुग्णालयाची दुसऱ्याशी न्याय्य तुलना व्हावी, हे त्याचे प्रयोजन. संमतीपत्रावर तो नंतर आला. तलाठ्याचा उतारा कोणी पत्रिका म्हणून वाचू लागला तर उताऱ्याचा दोष नाही, पण वाचनाचा घोटाळा होणारच. माझ्या मते गुणांकांबाबतच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ या हस्तांतरात आहे.

त्यानंतरचा मोठा ग्रंथ म्हणजे ‘युरोस्कोर’. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९९५ या तीन महिन्यांत युरोपातील ८ देशांतल्या १२८ रुग्णालयांतून १९,०३० रुग्णांची माहिती गोळा झाली. तिच्यावरून समर नाशेफ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १७ घटकांचा गुणांक प्रसिद्ध केला. तो कागद-पेन्सिलीने काढता येतो, ही त्याची थोरवी. साठी ओलांडली की दर पाच वर्षांच्या टप्प्याला १ गुण. स्त्री असेल तर १. दीर्घकालीन फुप्फुसविकार १. मूत्रपिंडे बिघडून क्रिएटिनिन फार वाढले असेल तर २. हृदयाची पंपिंगची ताकद मध्यम घटली असेल तर १, फार घटली असेल तर ३. गेल्या ९० दिवसांत हार्ट अटॅक आला असेल तर २. तातडीने करावी लागली तर २. आधी छाती उघडून हृदयशस्त्रक्रिया झालेली असेल तर ३. बेरीज २ पर्यंत असेल तर कमी जोखीम, ३ ते ५ मध्यम, ६ आणि पुढे जास्त. मूळ नोंदींत या तीन गटांतले मृत्यू अनुक्रमे ०.८, ३ आणि ११.२ टक्के होते.

समजा ६२ वर्षांचा शेतकरी आहे, दीड महिन्यापूर्वी अटॅक येऊन गेला, पंपिंग मध्यम घटले आहे. वयाचा १, अटॅकचे २, पंपिंगचा १, एकूण ४. मध्यम जोखीम. हे गणित चौथीतल्या मुलालाही येईल. शास्त्राचा एखादा निर्णय इतका उघडा, कोणालाही पडताळता येण्याजोगा असणे ही साधी गोष्ट नाही, आणि टीका करण्यापूर्वी तिचे मोल मान्य केले पाहिजे.

पाठभेद

एका जुन्या पोथीच्या तीन प्रती समोर मांडाव्यात तसे पार्सोनेट (१९८९), युरोस्कोर (१९९९) आणि युरोस्कोर-२ (२०१२) शेजारी ठेवून पाहिले तर काही घटक येतात, गळतात, पुन्हा येतात. मधुमेहाचा प्रवास बघण्यासारखा आहे. पार्सोनेटच्या यादीत मधुमेहाला ३ गुण होते. युरोस्कोरच्या १७ घटकांत मधुमेह नाही. युरोस्कोर-२ मध्ये तो परत आला, पण इन्सुलिनवर असलेल्या रुग्णापुरता. गोळ्यांवर असलेला मधुमेही त्याच्या लेखी मधुमेही नाही.

हे कोणाच्या लहरीने झाले नाही. संख्याशास्त्राची रीत अशी की एखादा घटक इतर घटकांच्या आडून आपले काम करत असेल तर त्याला वेगळे वजन मिळत नाही. मधुमेहाने मूत्रपिंडे बिघडली तर ती क्रिएटिनिनमध्ये मोजली जातात, पायांच्या रक्तवाहिन्या बिघडल्या तर त्या वेगळ्या मोजल्या जातात, मग मधुमेह म्हणून उरते काय? तर्क बरोबर आहे. पण तो उपलब्ध नोंदींपुरता बरोबर आहे. ज्या समाजात मधुमेह तरुण वयात येतो, उशिरा कळतो आणि धमन्या लांबवर खराब करतो, तिथेही उरते काहीच नाही असे त्यावरून म्हणता येत नाही.

दुसरा पाठभेद वयाचा. खरे तर इथे भेद नाही, आणि तीच अडचण आहे. पहिल्या युरोस्कोरमध्ये साठीपर्यंत वयाला शून्य गुण आहेत. दुसऱ्यात सूत्र बदलले, पण ६० आणि त्याखालच्या सगळ्यांना एकच मूल्य. ३८ वर्षांचा आणि ५९ वर्षांचा माणूस या ग्रंथात समवयस्क आहेत. १९९५ च्या त्या युरोपीय नोंदींत रुग्णांचे सरासरी वय ६२.५ होते, त्यामुळे त्यांना साठीच्या पुढचे बारकावे जास्त दिसले. आपल्याकडे चित्र निराळे आहे. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी प्रमुख लेखक असलेला एक निबंध २००७ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात पहिल्या हार्ट अटॅकचे सरासरी वय दक्षिण आशियाई लोकांत ५३ आणि इतर देशांत ५८.८ असे आढळले. म्हणजे आपला रुग्ण सुमारे सहा वर्षे आधी दारात येतो, आणि ग्रंथाने साठीच्या आतली सगळी पाने एकाच रंगात रंगवलेली आहेत.

आता ४६ वर्षांचा पुरुष घ्या. दहा वर्षे मधुमेह, गोळ्या चालू, तंबाखू चालू, तिन्ही धमन्या बंद, पण अटॅक आलेला नाही आणि पंपिंग चांगले. पहिल्या युरोस्कोरमध्ये त्याची बेरीज शून्य. युरोस्कोर-२ मध्ये त्याचा आकडा सुमारे ०.५ टक्का, तो इन्सुलिनवर असता तर ०.७ च्या आसपास. हे आकडे खोटे नाहीत. असा माणूस शस्त्रक्रियेतून बहुधा सुखरूप बाहेर येतो. पण असे कागद वाचताना मला शून्याचे भय वाटते, कारण घरचे लोक त्या शून्याचा अर्थ ‘याला काही झालेले नाही’ असा घेतात. तंबाखू सुटत नाही, ती या शून्याच्या आधाराने.

तिसरा घटक स्त्री असण्याचा. तो तिन्ही प्रतींत आहे. स्त्री असणे हीच जोखीम आहे, असे हा मजकूर वरवर पाहता म्हणतो. त्यामागे शरीराची कारणे सांगितली जातात: धमन्या बारीक, अंगकाठी लहान. ती असतीलही. पण आमच्याकडे बाईच्या छातीतली कळ आधी ‘पित्त’ असते, मग ‘वात’, मग ‘टेन्शन’, आणि सुगी उरकल्यावर कधीतरी ईसीजी. ती शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचते तेव्हा आजार पुढे गेलेला असतो. या उशिराचे काही माप पंपिंगच्या आणि तातडीच्या रकान्यांत पडते, उरलेले ‘स्त्री’ या रकान्यात शिरत असावे. गुणांक कारण सांगत नाही, फक्त सोबत सांगतो. कारण शोधणे वाचकावर असते. वाचक आळशी असेल तर घराचा दोष बाईच्या देहावर जमा होतो.

पैसेवारी आणि एकाचे रान

गुणांकाचे दोन कस असतात आणि ते समजायला आमच्या तालुक्याची पैसेवारी उपयोगी पडते. दर हंगामाला पिकाची पैसेवारी निघते: आधी नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम. ५० पैशांच्या आत आली तर दुष्काळाच्या सवलती मिळतात, वर गेली तर नाही. बारामती तालुक्यात एका बाजूला नीरा डाव्या कालव्याचा ऊस आहे आणि दुसऱ्या बाजूला आमचा जिरायत पट्टा. दोन्हींची मिळून सरासरी अगदी अचूक काढता येईल, आणि तरीही ती ना उसाच्या रानाला लागू पडेल ना आमच्या बाजरीला.

पहिला कस एकूण अंदाजाचा. हजार रुग्णांत तीस दगावतील असे म्हटले आणि खरोखर तीसच्या आसपास दगावले, तर पैसेवारी बरोबर निघाली. दुसरा कस निवडीचा. दगावलेला एक आणि वाचलेला एक अशी जोडी घेतली तर दगावलेल्याला आधीच जास्त गुण दिले होते का? नुसते नाणे उडवले तरी शंभरात ५० वेळा बरोबर येईल. युरोस्कोर-२ रचताना बाजूला ठेवलेल्या नोंदींवर तो तपासला तेव्हा शंभरात साधारण ८१ वेळा बरोबर आला. चांगला आहे. पण उरलेल्या १९ जोड्यांत त्याने उलट सांगितले, हेही त्याच वाक्यात आहे.

हे दोन्ही कस महाराष्ट्रातल्या रुग्णांवर लावून बघितले गेले आहेत. औरंगाबादच्या एका वैद्यकीय चमूने आपल्या रुग्णालयातील सलग रुग्णांवर युरोस्कोर-२ आणि अमेरिकेतील शल्यविशारदांच्या संघटनेचा गुणांक तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. एकूण अंदाज समाधानकारक निघाला, निवड कच्ची निघाली. पैसेवारी बरोबर, कोणाचे रान जळणार हे मात्र नीट सांगता येईना. एका रुग्णालयाच्या अभ्यासावरून सगळ्या देशाबद्दल बोलू नये. तरी मोठ्या शहरांच्या बाहेर बसून कोणीतरी परक्या मापाला आपल्या धान्याने तपासले, ही गोष्ट मला मोलाची वाटते. असे काम जिल्ह्याजिल्ह्यांत व्हायला हवे होते.

आणखी एक फरक ध्यानात घेण्यासारखा. १९९५ च्या नोंदी हृदय थांबवून, यंत्रावर रक्ताभिसरण ठेवून केलेल्या शस्त्रक्रियांच्या होत्या. आपल्याकडे धडधडत्या हृदयावरच बायपास करण्याची पद्धत बरीच रुजलेली आहे. माप एका पद्धतीचे, माल दुसऱ्या पद्धतीचा. त्याने निकाल बिघडतोच असे नाही. पण माप लावणाऱ्याने ते ठाऊक असू द्यावे.

जुने माप

गुणांकही म्हातारे होतात. युरोस्कोर-२ साठी २०१० मध्ये ४३ देशांतल्या १५४ रुग्णालयांतून २२,३८१ रुग्णांच्या नोंदी घेतल्या गेल्या. प्रत्यक्ष मृत्यू ३.९ टक्के होते. त्याच रुग्णांना जुन्या युरोस्कोरची बेरीज लावली तर अंदाज येत होता ५.८, आणि त्याच गुणांकाच्या २००३ मधील जास्त बारीक गणिती रूपाने सुमारे ७.६. भूल, औषधे, अतिदक्षता विभागातली शुश्रूषा, सगळे पंधरा वर्षांत सुधारले होते. ग्रंथ मात्र १९९५ मध्येच थांबला होता.

याचे दोन परिणाम. जुन्या मापाने मोजले तर साधारण कामगिरी करणारेही उत्तम दिसतात, कारण अपेक्षित मृत्यूच फुगवलेले आहेत. आणि त्याच मापाने रुग्णाला आकडा सांगितला तर तो नको इतका घाबरतो. एका बाजूला खोटी शाबासकी, दुसऱ्या बाजूला खोटी भीती, आणि दोन्ही एकाच कागदातून. म्हणून आकड्यासोबत सन सांगितला पाहिजे. दस्तऐवजावर तारीख नसेल तर आम्ही तो पुरावा म्हणून धरत नाही. इथेही तोच नियम लावावा.

कथा कुठे संपते

प्रत्येक कथनाला शेवट असतो आणि शेवट कुठे करायचा हे लेखक ठरवतो. युरोस्कोर-२ मध्ये मृत्यू म्हणजे ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली त्याच रुग्णालयात, सुट्टी मिळण्याआधी झालेला मृत्यू. रुग्ण आठव्या दिवशी घरी आला की हा ग्रंथ मिटतो.

गावातली कथा तिथे सुरू होते. टाक्यांवर कोणी हात ठेवायचा, ड्रेसिंगला रोज कोण नेणार, पहिल्या महिन्याची गोळ्यांची चिठ्ठी संपल्यावर दुसऱ्या महिन्याची आणायची की ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडायची, जनावरांचा चारा कोण तोडणार. बाविसाव्या दिवशी ताप येऊन, छातीच्या जखमेत पू होऊन माणूस गेला, तर गावाच्या लेखी तो बायपासने गेला. गुणांकाच्या लेखी तो वाचलेल्यांत आहे. दोन्ही आपापल्या व्याख्येत खरे बोलतात. म्हणून डॉक्टर म्हणतात ‘यशस्वी’ आणि गाव म्हणते ‘तिथं गेलेला माणूस परत येत नाही’, आणि दोघांनाही समोरचा खोटारडा वाटतो. ही दरी अडाणीपणाची नाही. शेवट कुठे धरायचा याची आहे.

आकडा उघडा झाल्यावर

न्यू यॉर्क राज्याने १९८९ पासून हृदयशस्त्रक्रियांच्या नोंदी गोळा केल्या आणि जोखमीचा हिशेब धरून रुग्णालयनिहाय मृत्यू जाहीर केले. १९९१ मध्ये ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने न्यायालयात जाऊन शल्यविशारदांच्या नावांनिशी आकडे मिळवले. त्यानंतर राज्यातले मृत्यू घटले. घट चांगल्या कामामुळे आली की अवघड रुग्ण दुसरीकडे पाठवल्यामुळे, यावर तिथे पुष्कळ वाद झाला. युरोस्कोरचे नाशेफ यांनी स्वतः २०१५ मध्ये ‘द नेकेड सर्जन’ हे पुस्तक सामान्य वाचकांसाठी लिहिले. माप बनवणारा माणूस स्वतःच्याच व्यवसायाला मापाखाली आणतो, म्हणून ते पुस्तक विश्वासार्ह वाटते. तरी त्यामागची व्यवस्था ही की रुग्णालये नोंदी ठेवतात, त्या प्रसिद्ध होतात आणि कोणी तरी त्यांची तपासणी करतो. ही भूमी नसेल तर त्यातले शहाणपण पुस्तकातच राहते.

आपल्याकडे अडचण दुसऱ्या टोकाची. राज्याच्या आरोग्य योजनेतून, जी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, बायपास होते आणि असंख्य घरे त्यामुळे वाचली. पण ठरलेल्या शस्त्रक्रियेला ठरलेले पॅकेज, ही तिची रीत. चार दिवसांत उठून बसणारा आणि पंधरा दिवस अतिदक्षता विभागात राहणारा यांचा खर्च एक नसतो. अशा ठिकाणी जास्त गुणांचा रुग्ण कोणालाच परवडत नाही. ‘रिस्क फार आहे, मोठ्या हॉस्पिटलला न्या’ हे वाक्य वैद्यकीय सल्ला असते की हिशेब, हे बाकावर बसलेल्या माणसाला कळण्याची सोय नाही. माझ्या नात्यातल्या एका वृद्धाला हे वाक्य तीन दारांत ऐकावे लागले. तिन्ही ठिकाणी आकडा विचारला. कागदावर तो कोणीच दिला नाही.

जास्त गुण म्हणजे नकार नव्हे, याचे सगळ्यांना ठाऊक असलेले उदाहरण आहे. २४ जानेवारी २००९ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्यावर दिल्लीच्या एम्समध्ये दुसऱ्यांदा बायपास झाली. मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रमाकांत पांडा यांनी शल्यविशारदांच्या चमूचे नेतृत्व केले. वृत्तपत्रांत आलेल्या दोनच गोष्टी घेऊन जुन्या युरोस्कोरची बेरीज करू. वय ७६, म्हणून ४ गुण. आधी १९९० मध्ये बायपास झालेली, म्हणून ३. एकूण ७, म्हणजे ‘जास्त जोखीम’ गट. त्यांना मधुमेह होता, त्याचे या मापात शून्य. ते डिसेंबर २०२४ पर्यंत, वयाच्या ९२ व्या वर्षापर्यंत जगले. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, अकरा टक्के म्हणजे नव्वदच्या आसपास वाचतात हेही मापातच होते. मला खुणावते ते निराळे. ७६ वर्षांचा, दुसऱ्यांदा छाती उघडावी लागणारा आमच्या गावचा शेतकरी याच मापाने ७ वरच येतो. माप पद बघत नाही, हा त्याचा मोठेपणा. आणि ७ नंतर कोणासाठी कोणते दार उघडते तेही ते बघत नाही, ही त्याची मर्यादा.

न केल्याची जोखीम

या ग्रंथांत एक प्रश्न मुळीच नाही: शस्त्रक्रिया केली नाही तर? आकडा फक्त टेबलावर चढणाऱ्याचा आहे. त्याचे उत्तर दुसऱ्या कपाटात आहे. १९९४ मध्ये सलीम युसूफ आणि सहकाऱ्यांनी बायपास विरुद्ध केवळ औषधे अशी तुलना केलेल्या सात जुन्या चाचण्या एकत्र मांडल्या. २,६४९ रुग्णांत पाच वर्षांनी मृत्यू बायपास गटात १०.२ टक्के आणि औषध गटात १५.८ टक्के होते. त्या काळची औषधे आजच्याइतकी चांगली नव्हती, हे लक्षात ठेवून ते वाचावे. मधुमेहींपुरती ‘फ्रीडम’ ही चाचणी २०१२ मध्ये आली. अनेक धमन्या बंद असलेल्या १,९०० मधुमेही रुग्णांत पाच वर्षांनी मृत्यू बायपास गटात १०.९, स्टेंट गटात १६.३ टक्के.

इथे दोन ग्रंथ शेजारी ठेवल्यावर मौज दिसते. पहिल्यात मधुमेह जोखीम वाढवतो, म्हणजे बायपासला भिण्याचे कारण ठरतो. दुसऱ्यात तोच बायपास निवडण्याचे कारण ठरतो. विरोध नाही, एक ग्रंथ आठवड्याची गोष्ट सांगतो, दुसरा पाच वर्षांची. पण संमतीपत्रावर पहिल्याचा आकडा येतो, दुसऱ्याचा येत नाही. निम्माच मजकूर हातात असलेल्या वाचकाकडून शहाण्या निर्णयाची अपेक्षा कशी करावी?

यावर काही जुने डॉक्टर म्हणतात, ‘आकडे कशाला? अनुभवी माणसाची नजर पुरे.’ मला ते पटत नाही. नजरेला गेल्या आठवड्यात दगावलेला रुग्ण दिसत असतो, नजरेला समोरच्याचे कपडे दिसतात, आणि नजरेचा पाठभेद लावता येत नाही कारण ती कुठे लिहिलेली नसते. गुणांक चुकतो तेव्हा कुठे चुकला ते दाखवता येते, म्हणून तो सुधारतो. नजर अंदाजानंतर सुधारित आणि अंतिम पैसेवारी काढायची सोय आपण पिकासाठी ठेवली. माणसासाठीही ती हवी.

जोखीम हा शब्द

मराठीत जोखीम या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक धोक्याचा. दुसरा, आमच्या आजीच्या तोंडचा: ‘अंगावर जोखीम घेऊन यष्टीनं जाऊ नको.’ तिथे जोखीम म्हणजे दागिने, पैका. जपून न्यायची, ज्याच्या हाती दिली त्याने उत्तर द्यायची वस्तू. गुणांकांनी पहिला अर्थ मोजला आणि चांगला मोजला. दुसरा अर्थ मोजता येत नाही, पण विचारता येतो. शस्त्रक्रियेआधी सही करणाऱ्या नातेवाइकाने पाच गोष्टी विचाराव्यात, आणि त्या कागदावर लिहून मिळाव्यात. हा आकडा कोणत्या गुणांकाचा आणि कोणत्या सनाचा? याच रुग्णालयात अशा शंभर रुग्णांचे काय झाले? आमच्या माणसाची कोणती गोष्ट या आकड्यात धरलेली नाही? घरी गेल्यावर पहिले तीन महिने काय जपायचे? आणि शस्त्रक्रिया केली नाही तर पाच वर्षांत काय?

यातल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सोय सरकारकडे आहे. आरोग्य योजनेतल्या प्रत्येक बायपासचा कागद दाव्याच्या निमित्ताने जमा होतोच: वय, तपासण्या, अँजिओग्राफी, सुट्टीची तारीख. रुग्णांची नावे झाकून, तीन महिन्यांनंतरची एक चौकशी जोडून, त्यातून महाराष्ट्राचा आपला गुणांक उभा करता येईल. त्यात ४६ वर्षांचा तंबाखू खाणारा मधुमेही शून्यावर राहणार नाही आणि बाईचा उशीर बाईच्या नावावर पडणार नाही. नीरा कालव्यापासून आमच्या जिरायतापर्यंत गावोगावची पैसेवारी दरसाल काढणाऱ्या राज्याला हे काम जड नाही.